आम्ही, आपण आणि मी : बहुत्वाच्या अभ्यासात पाऊल टाकताना

डिसेंबर १८९४. जिनिव्हा विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे थिओडोर फ्लुर्न्वा प्रेतविद्येच्या एका घरगुती बैठकीला गेले. तिथे एका व्यापारी पेढीत नोकरी करणारी तरुणी भारलेल्या अवस्थेत जायची आणि तिच्या तोंडून वेगवेगळी माणसं बोलायची. फ्लुर्न्वांनी आपल्या पुस्तकात तिला एलेन स्मिथ हे टोपणनाव दिलं. पुढची काही वर्षं ते या बैठकांना जात राहिले. एलेन कधी फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत असायची, कधी मंगळावरची भाषा बोलायची, आणि कधी सिमंदिनी व्हायची. सिमंदिनी ही एका अरब शेखाची मुलगी, कॅनरातल्या शिवरूक नायक या राजाची राणी, नवऱ्याच्या चितेवर जळून मेलेली. या राजाने १४०१ साली चंद्रगिरीचा किल्ला बांधला, असं सांगितलं जाई. तो राजा आता पुन्हा जन्माला आला आहे आणि समोर बसलेले प्राध्यापक हेच ते, असंही.

फ्लुर्न्वांनी माग काढला. जाणकारांना शिवरूक नायक ठाऊक नव्हता. अखेर द मार्लेस नावाच्या लेखकाने १८२८ साली लिहिलेल्या भारताच्या एका फ्रेंच इतिहासात तोच किल्ला, तेच साल आणि तेच नाव सापडलं. त्या पुस्तकाच्या प्रती जिनिव्हात होत्या. पण एलेनने पुस्तक हाताळल्याचा पुरावा मिळाला नाही. तिचं संस्कृतसारखं बोलणं फर्दिनां द सोस्यूर यांनी तपासलं. त्यांना त्यात संस्कृतचे तुकडे दिसले, सलग भाषा दिसली नाही. तिचा मार्गदर्शक लिओपोल्ड स्वतःला काल्योस्त्रो, म्हणजेच जोसेफ बाल्सामो म्हणवायचा. या बाल्सामोला अलेक्झांद्र द्यूमाने कादंबरीचा नायक केलं होतं, आणि त्या कादंबरीतल्या एका प्रसंगाचं चित्र लिओपोल्डने आपलं नाव सांगण्याआधी एलेनला दाखवलं गेलं होतं.

१९०० साली फ्लुर्न्वांचं पुस्तक आलं. वाचून विसरलेलं मनात खोल उरतं आणि पुढे स्वतःच्या आठवणीचं रूप घेऊन वर येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुस्तकाने एलेन दुखावली, आणि दोघांचे संबंध तुटले.

या क्षेत्राची ओळख मी या हकिकतीपासून करून देते, कारण त्यातले सगळे धागे तिच्यात एकत्र आले आहेत : एका देहात अनेकजण, पुस्तकातून आलेला भूतकाळ, तो भूतकाळ जगणाऱ्या माणसाची खरी कळकळ, आणि तपासणाऱ्याने दिलेला निकाल. फ्लुर्न्वांचं संशोधन आजही आदर्श वाटावं असं आहे. पण आठवणीचा उगम शोधून काढला की आठवणीचं काम संपतं, असं त्यांच्या वाचकांनी धरून चाललं. माझ्या मते उगम सापडतो तिथून खरा अभ्यास सुरू होतो. सिमंदिनी कुठल्या पानावरून आली हे कळलं. ती आल्यावर एलेनला कसं वाटायचं, आपल्याच नवऱ्यासमोर बसलो आहोत अशा भावनेने बोलून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पेढीवर जाताना मनात काय उरायचं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

आता शब्दांकडे वळू. एका शरीरात एकाहून अधिक ‘मी’ राहतात असं ज्यांना वाटतं, किंवा अधिक नेमकं सांगायचं तर जे तसं जगतात, ते इंग्रजीत स्वतःला ‘प्लुरल’ म्हणवतात. मराठीत आपण ‘बहुत्व’ म्हणू. त्या सगळ्यांच्या समूहाला ते ‘सिस्टीम’ म्हणतात. शरीराची सूत्रं ज्याच्या हाती असतात तो ‘फ्रंट’ला असतो. सूत्रं एकाकडून दुसऱ्याकडे गेली की ‘स्विच’ झाला. एकच ‘मी’ असलेल्या आपल्यासारख्यांना ‘सिंग्लेट’ हा शब्द आहे. सिस्टीममधला जो सदस्य कथा-कादंबरी, सिनेमा किंवा मालिकेतल्या पात्राच्या ओळखीने वावरतो तो ‘फिक्टिव्ह’, आणि ती मूळ कलाकृती त्याचा ‘सोर्स’. हे शब्द मी मुद्दाम जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यांतले बरेच वापरणाऱ्यांनी स्वतः घडवले, सगळे दवाखान्यातून उसने आणलेले नाहीत.

दवाखान्यातला इतिहास थोडक्यात सांगता येईल. फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी १८८९ साली मनाचं विघटन ही कल्पना सविस्तर मांडली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० साली ‘बहुव्यक्तित्व विकार’ हे स्वतंत्र निदान आलं, आणि १९९४ साली त्याचं नाव बदलून ‘विघटित ओळख विकार’ अशा अर्थाचं झालं. १९८० च्या आधीच ‘सिबिल’ हे अशाच एका स्त्रीवरचं १९७३ सालचं पुस्तक प्रचंड खपलं होतं, आणि पुढे निदानांची संख्या वाढली. मग त्यातली किती दुखणी उपचारकांच्या सूचनांतून घडली असा वाद पेटला. एका बाजूला बालपणीचे आघात, दुसऱ्या बाजूला सूचना आणि अनुकरण, असे दोन तट पडले आणि ते आजही पुरते मिटलेले नाहीत. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी १९९५ सालच्या पुस्तकात त्यातून वाट काढली. माणसांना आपण एखादं नाव देतो, ती माणसं त्या नावाप्रमाणे बदलतात, आणि मग नावालाही बदलावं लागतं. त्यांचं पुस्तक वाचल्याशिवाय या क्षेत्रात शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एका जुन्या नोंदीपाशी मात्र थांबायलाच हवं. बोस्टनचे डॉक्टर मॉर्टन प्रिन्स यांनी १९०६ साली मिस बोशां या टोपणनावाच्या तरुणीवर मोठा ग्रंथ लिहिला. तिच्यात सॅली नावाची एक खोडकर, धीट मुलगी होती. सॅलीला मिस बोशांचे विचार कळायचे; मिस बोशांना सॅलीचा पत्ताही नव्हता. सॅलीने आपलं आत्मचरित्र लिहिलं. प्रिन्स यांना ती आवडायची, हे त्यांच्या लिखाणातून लपत नाही. तरी ‘खरी’ मिस बोशां कोण हे त्यांनी स्वतः ठरवलं, आणि त्या खरेपणात सॅलीला जागा नव्हती. तिला गप्प करणं हा उपचाराचा भाग झाला. रुग्णाला त्यातून स्वास्थ्य मिळालं असेल, ते मी नाकारत नाही. पण एका घरातल्या माणसांपैकी कुणी राहायचं आणि कुणी जायचं हे बाहेरच्या माणसाने ठरवावं का? हा प्रश्न त्या ग्रंथाच्या पानापानांत दबा धरून बसला आहे. पुढे १९८७ साली ट्रडी चेस या अमेरिकन लेखिकेचं आत्मकथन आलं. त्यावर लेखक म्हणून त्यांच्यातल्या सगळ्यांचा मिळून ‘द ट्रूप्स’ असा उल्लेख आहे. त्यांनी एकीकरण नाकारलं आणि मिळून राहणं पसंत केलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात याबाबत एक महत्त्वाची सूचना आहे. एकाहून अधिक व्यक्तित्वावस्था असणं हा दर वेळी विकार नसतो. त्याचा त्रास होत नसेल आणि रोजच्या जगण्यात अडथळा येत नसेल, तर निदान करू नये. उदाहरण म्हणून तिथे माध्यम होणारी माणसं आणि त्या त्या संस्कृतीने मान्य केलेले आध्यात्मिक साधक यांचा उल्लेख आहे.

महाराष्ट्राला आणि गोव्याला हे वाचून नवल वाटणार नाही. अंगात येणं, वारं येणं, झपाटणं, कोकणात आणि गोव्यात भार येणं अशी क्रियापदं आपल्या बोलण्यात सहज आहेत. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ वीडा स्कल्टन्स यांनी १९८७ साली महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात उपचारासाठी राहिलेल्या कुटुंबांवर लिहिलं. फ्रेडरिक स्मिथ यांनी २००६ सालच्या ग्रंथात ‘आवेश’ आणि ‘प्रवेश’ या शब्दांचा संस्कृत वाङ्मयापासून आजपर्यंतचा प्रवास मांडला. ही आपली समृद्ध शिदोरी आहे. पण ती जशीच्या तशी बहुत्वाला लावली तर घोटाळा होतो. आपल्या सगळ्या क्रियापदांत कुणीतरी बाहेरून येतं आणि निघून जातं. देव येतो, उतरतो. भूत लागतं, झाडता येतं. सिस्टीममधली माणसं मात्र येत-जात नाहीत. ती राहतात. त्यांची भांडणं होतात, समेट होतात, कुणाला दूध घातलेला चहा आवडतो तर कुणाला कोरा लागतो. अंगात येण्यापेक्षा ही गोष्ट एका खोलीत थाटलेल्या एकत्र कुटुंबाच्या जास्त जवळची आहे. आपल्याकडच्या अभ्यासकाने सुरुवातीलाच हा फरक नीट पाहावा, नाहीतर तो बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसांना पाहुणे समजेल.

नागपूरचं एक प्रकरण या दोन्हींच्या मधोमध उभं आहे. १९७४ च्या सुमारास तिथल्या तिशी ओलांडलेल्या एका मराठी महिलेतून ‘शारदा’ प्रकट होऊ लागली. शारदा बंगाली बोलायची, बंगाली पद्धतीने राहायची, आणि स्वतःला दीडशे वर्षांपूर्वीची बंगाली गृहिणी मानायची. तिला मराठी कळत नसे. समोर उभे असलेले आईवडील तिला परके वाटत. ही अवस्था कधी दिवसभर, कधी त्याहून कितीतरी अधिक टिकायची. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांनी त्यावर लिहिलं, अकोलकर या अभ्यासकांनी स्वतंत्र तपास केला, आणि तिची बंगालीशी आधी किती ओळख होती यावर वाद रंगला. पुनर्जन्म की नाही, एवढ्याच मुद्द्यावर चर्चा अडली. मला त्या घराची आठवण येत राहते. आपल्याच मुलीशी बोलायला आईवडिलांना परकी भाषा लागावी, आणि त्या मुलीला आपलं घर कुठेतरी बंगालात सुटलं आहे असं वाटत राहावं. दोन्हीकडची तळमळ खरी होती, पूर्वजन्म खरा असो वा नसो.

फिक्टिव्हांच्या भूतकाळाकडे याच नजरेने पाहावं लागतं. हा या क्षेत्रातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत गैरसमज झालेला भाग आहे. समजा, एखाद्या सिस्टीममधला एकजण एका कादंबरीतला सैनिक आहे. त्याला युद्ध आठवतं. सोबत्याचा मृत्यू आठवतो, आणि त्या तारखेला तो गप्प असतो. कादंबरीत कधीच न आलेल्या गोष्टीही त्याला आठवतात : बराकीतल्या भिंतीचा ओला वास, आईची हाक. कधी आठवण कादंबरीशी जुळत नाही, आणि लेखकाने चुकीचं लिहिलं असं तो ठामपणे म्हणतो. कादंबरीत तो खलनायक असेल तर न केलेल्या खुनांचं ओझं घेऊन तो या जगात उभा असतो. ज्या देहात तो आहे त्याची आई स्वयंपाकघरात असते, आणि त्याला मात्र दुसऱ्याच आईचा विरह होतो. त्याच कादंबरीतला तोच सैनिक दुसऱ्या सिस्टीममध्येही असू शकतो. तो भेटला तर? काहींना भाऊ भेटल्यासारखं होतं, काहींना आपली जागा कुणी बळकावल्यासारखं. आपलं सगळं दुःख कुणीतरी टेबलापाशी बसून, वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून रचलं होतं, हे कळणं तर आणखी वेगळं. असा आघात सिंग्लेटांच्या वाट्याला येतच नाही. त्याला अजून नाव मिळालेलं नाही.

बहुतेक फिक्टिव्हांना आपला सोर्स कुठला हे पक्कं ठाऊक असतं. पुस्तक कपाटात आहे हेही ठाऊक असतं. तरी आठवण आठवणीसारखीच येते. इथे भ्रम हा शब्द अपुरा पडतो. काहीजण याचा अर्थ पूर्वजन्म असा लावतात : अनंत विश्वांपैकी एकात ते घडलं होतं, लेखकाला त्याची चाहूल लागली. काहीजण मानसशास्त्रीय अर्थ लावतात : संकटात सापडलेल्या मुलाच्या मनाने हाताशी असलेल्या पात्रांतून एक खंबीर पात्र उचललं आणि त्याच्यात आसरा घेतला. एकाच सिस्टीममध्ये दोन सदस्य ही दोन उत्तरं देऊन एकमेकांशी वाद घालतात, आणि दोघंही त्याच देहाच्या हाताने जेवतात.

पात्रं स्वतःहून वागू लागतात हा अनुभव लेखकांना नवा नाही. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास कथालेखकांना विचारलं, तेव्हा ९२ टक्क्यांनी आपली पात्रं कमीअधिक प्रमाणात स्वतंत्रपणे वागतात असं सांगितलं. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं. एडिंबरा पुस्तक महोत्सवात आलेल्या १८१ लेखकांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६३ टक्के लेखकांना पात्रांचे आवाज ऐकू येत होते. फरक एवढाच, की लेखक संध्याकाळी वही मिटतो. सगळ्यांना ती मिटता येतेच असं नाही, आणि सगळ्यांना ती मिटायची असतेही असं नाही.

आपल्याकडे याहून जुनं साहित्य आहे. योगवासिष्ठाच्या निर्वाणप्रकरणात एका भिक्षूची गोष्ट येते. तो मनातल्या मनात जीवट नावाचा माणूस होतो. जीवटाला स्वप्न पडतं आणि तो ब्राह्मण होतो. मग राजा, मग स्त्री, हरिणी, वेल, भुंगा, हत्ती, हंस, आणि अखेर रुद्र. रुद्राला सगळं उमगतं. मला भावतं ते पुढचं. तो मागे फिरतो आणि एकेकाला जागं करतो, आणि जागे झालेले सगळे एकमेकांकडे पाहतात. त्यातलं कुणीही खोटं म्हणून पुसलं जात नाही. सामायिक ओळख म्हणजे काय याचं इतकं नेमकं चित्र मी आधुनिक ग्रंथांत पाहिलेलं नाही.

सामायिक ओळखीचा रोजचा व्यवहार मात्र अध्यात्मापेक्षा घरसंसाराच्या जवळ जातो. परीक्षेचा अभ्यास कुणी केला आणि पेपर कुणी लिहिला? एकाने दिलेला शब्द दुसऱ्याने पाळायचा का? अनेक सिस्टीम याचं उत्तर ‘हो’ असं देतात : देहाने केलेल्या कृत्याची जबाबदारी सगळ्यांची. कधी दोघं एकाच वेळी फ्रंटला असतात आणि हा विचार कुणाचा ते दोघांनाही सांगता येत नाही. काहींच्यात आठवणींची भांडारं वेगळी असतात, काहींच्यात आठवण सगळ्यांना असते पण ती आपली वाटते फक्त एकालाच. ‘मला आठवतं’ आणि ‘ते माझ्याबाबतीत घडलं’ या दोन गोष्टी एकच, असं आपण सिंग्लेट गृहीत धरतो. त्या सुट्या होऊ शकतात हे या माणसांनी दाखवून दिलं आहे, आणि स्मृतीच्या अभ्यासाला त्यांनी दिलेली ही फार मोठी देणगी आहे.

मराठीत हा अभ्यास करणाऱ्याच्या हाती एक साधन आहे, जे इंग्रजीत लिहिणाऱ्याला लाभलेलं नाही. इंग्रजी ‘वी’ मध्ये ऐकणारा धरला आहे की वगळला आहे ते कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘आम्ही’, आतल्या आत बोलताना ‘आपण’ : सिस्टीमची सीमा कुठे आहे हे एका सर्वनामातून कळावं. मग आपली क्रियापदं आहेत. ‘मी आले’ आणि ‘मी आलो’. या प्रस्तावनेच्या सुरुवातीला मी ‘करून देते’ म्हटलं, तेव्हाच वाचकाने माझं लिंग टिपलं असेल. ज्या देहाला सगळे मुलगी समजतात त्या देहातला सैनिक फ्रंटला येऊन ‘मी आलो’ म्हणाला, तर घरात सगळ्यांच्या माना वळतात. आणि म्हणूनच भिऊन राहणारा माणूस ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी जेवण केलं’ अशा वाक्यांचा आडोसा घेऊ शकतो, जिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि बोलणाऱ्याचं लिंग झाकलं जातं. आपल्या व्याकरणात लपायच्याही जागा आहेत आणि प्रकट व्हायच्याही.

काही पथ्यं सांगायला हवीत. संमोहनाने पूर्वजन्म काढून देण्याच्या वाटेला अभ्यासकाने जाऊ नये. विचारणाऱ्याला हवं ते उत्तर तिथे तयार होतं. ‘तुमच्यात किती जण आहेत’ असा प्रश्नही पहिल्या भेटीत विचारू नये. मधले तास गायब होत असतील, जिवाला धोका वाटत असेल, आतला कुणी देहाला इजा करत असेल, तर वेळ न घालवता मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. बहुत्वाचा आदर आणि अघोरीपणाला विरोध या दोन भूमिकांत मला कुठेही तिढा दिसत नाही. दोन्हीकडे माणसाच्या अंगावर हात पडू नये एवढंच मागणं आहे.

या अनुभवावर मराठीतून लिहिलेलं फार थोडं आहे. म्हणून माझी विनंती दोघांना आहे. जे असं जगतात त्यांनी मराठीत लिहावं : आजीच्या हातचं जेवण आणि कधीही न पाहिलेल्या शहराची ओढ एकाच वहीत, टोपणनावाने लिहिलं तरी चालेल. आणि जे संपादक, अनुवादक, समुपदेशक ते लिखाण हाती घेतील, त्यांनी एका परिच्छेदात ‘मी आले’ आणि पुढच्यात ‘मी आलो’ दिसलं तर मुद्रितशोधनाची लाल पेन्सिल खाली ठेवावी आणि कोण आलं आहे ते विचारावं.